खतात किती आणि हातात किती?

'घर पाहावे बांधून' ही म्हण ज्याने कोणी केली, त्याला विटा, चुना आणि गवंडी एवढ्यांचीच काळजी असावी. आज घर आधी कागदावर बांधावे लागते आणि मग जमिनीवर. पुढे कर्जाची फाइल, फाइलीमागे एजंट, एजंटामागे बँक, आणि सगळ्यांच्या मागे वीस वर्षे हप्ता भरणारे आपले कुटुंब, असा हा मोठा कारखाना आहे. दिवाळी जवळ आली की ह्या कारखान्याच्या जाहिरातींना ऊत येतो. व्याजाचा टक्का मोठ्या टाइपात, शेजारी हसऱ्या जोडप्याचे चित्र, 'प्रक्रिया शुल्क माफ' अशी तांबडी पट्टी, आणि अगदी तळाला मुंग्यांच्या रांगेसारख्या बारीक अक्षरांत 'अटी लागू'. वाचकहो, फराळाचे ताट बाजूला ठेवून आज ह्या मुंग्यांच्या रांगेकडे थोडे भिंग लावून पाहू या. आपल्या सदराचा शिरस्ता असा की आकडे आले म्हणून घाबरायचे नाही. शाळेतल्या त्रैराशिकाहून अवघड असे येथे काही नाही.

सुरुवात मात्र जरा लांबून, शिराळ्याहून करतो.

शिराळे म्हटले की आपल्याला नागपंचमी आठवते, भाविकांना समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आठवतो. परंतु कर्जाच्या इतिहासातही ह्या भागाचा एक कोपरा आहे. १८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली आणि पाहता पाहता पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत दंगे पसरले. त्याच वर्षी सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातही असा एक दंगा झाला. तो शिराळ्याकडच्या कोकरूड गावी. लोकांचा राग सावकाराच्या तिजोरीवर तेवढा नव्हता. तो खतावर होता. कारण खतात लिहिलेला आकडा आणि कुळाच्या हाती पडलेला पैसा, ह्यांचा मेळ बसत नसे. सावकारी भाषेत एक शब्द होता, 'मनोती'. खत लिहायचे शंभराचे, त्यातून मनोती आधीच कापून घ्यायची, आणि व्याज मात्र पुऱ्या शंभरावर चालवायचे!

सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आणला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांना लागू झाला. शिराळे त्या वेळी सातारा जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यात होते. १९४९ साली ते दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले आणि १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. म्हणजे हा कायदा शिराळ्याच्या कुळांचाच होता. त्याचे मर्म तीन गोष्टींत होते. न्यायाधीशाने खतावरच्या आकड्यापाशी न थांबता व्यवहाराचा मागचा सारा इतिहास तपासावा. खत गावच्या रजिस्ट्रारासमोर लिहिले जावे. आणि दिलेल्या पैशाची पावती व वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क कुळाला असावा. थोडक्यात, 'खतात किती' ह्याबरोबर 'हातात किती' हेही विचारले जावे.

आता सावकाराच्या ओसरीवरून बँकेच्या वातानुकूलित खोलीत येऊ. येथे मनोती हा शब्द कोणी उच्चारीत नाही. येथे प्रक्रिया शुल्क असते, लॉगिन फी असते, वकिलाचा सर्च रिपोर्ट असतो, मूल्यांकनाचा खर्च असतो, विम्याचा हप्ता असतो आणि बहुतेक शुल्कांच्या डोक्यावर १८ टक्के जी.एस.टी. असतो. ह्यांतला प्रत्येक खर्च अन्यायाचा आहे असे मुळीच नाही. वकिलाने जागेचे जुने कागद तपासणे हे तुमच्याही हिताचेच आहे. प्रश्न एवढाच, की व्याजाच्या टक्क्यात हे खर्च कोठेच दिसत नाहीत.

समजा, शिराळ्यातले एक शिक्षक आपल्या जागेवर घर बांधण्यासाठी २० लाखांचे कर्ज काढीत आहेत. मुदत २० वर्षे, व्याज सालिना ९ टक्के. हा दर केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे. एजंट घरी येतो, चहा घेतो आणि म्हणतो, "सर, तुम्ही फक्त सह्या करा. बाकीचं समदं माझ्याकडं लागलं. हप्ता अठरा हजारांच्या आतच बसतोय."

तो खोटे बोलत नाही. हप्ता १७,९९५ रुपयेच येतो. परंतु आतून शिक्षकांची पत्नी विचारते, "अहो, हप्त्याचं कळलं. पण आपल्या हातात किती पडणार आहेत आणि एकूण जाणार किती, ते विचारा की."

सगळ्या लेखाचे सार ह्या एका प्रश्नात आहे. एकूण जाणार किती? २४० हप्त्यांचे मिळून सुमारे ४३ लाख १९ हजार. म्हणजे २० लाख मुद्दलावर २३ लाख १९ हजार व्याज. पहिल्या हप्त्यातले १५,००० रुपये नुसते व्याजात जातात आणि मुद्दल फिटते अवघे २,९९५. पहिले सबंध वर्ष भरून झाले, २ लाख १६ हजार रुपये घराबाहेर गेले, तरी मुद्दल कमी झालेले असते फक्त साडेसदतीस हजारांनी. दर महिन्याला निम्मे घर आपले होत चालले, असे वाटणाऱ्याने हा आकडा देवघरात चिकटवून ठेवावा.

आता 'हातात किती' पाहू. समजा प्रक्रिया शुल्क अर्धा टक्का, म्हणजे १० हजार, त्यावर जी.एस.टी. १,८००, वकील आणि मूल्यांकन मिळून ६,२००, आणि कर्जाच्या जोडीने घ्यायला लावलेल्या विम्याचा एकरकमी हप्ता ६२ हजार. बेरीज झाली ८० हजार. खत २० लाखांचे, हातात १९ लाख २० हजार, आणि व्याज पुऱ्या २० लाखांवर. मनोतीच ही, फक्त पावतीसह! हा सारा खर्च व्याजात मिसळून हिशेब केला तर ९ टक्क्यांचे हे कर्ज प्रत्यक्षात सुमारे ९.५८ टक्क्यांना पडते. आणि पाच वर्षांनी घर विकून किंवा ठेवी मोडून कर्ज पुरते फेडले, तर तोच ८० हजारांचा बोजा पाचच वर्षांवर पडतो आणि खरा दर दहा टक्क्यांच्याही किंचित वर जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला एवढी स्थिती नसली, तरी मसाल्याचे पैसे मोजल्याखेरीज रश्श्याची किंमत कळत नाही, हे खरे.

ह्या खऱ्या दराला नाव आहे, 'ए.पी.आर.' म्हणजे वार्षिक टक्केवारी दर. अमेरिकेत १९६८ सालच्या कायद्याने तो कर्जदाराला सांगणे सावकाराला भाग पडले. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी परिपत्रक काढले आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' सक्तीचे केले. बँकेत त्याला 'के.एफ.एस.' म्हणतात. ह्या एका कागदात कर्जाची रक्कम, व्याजाचा दर, सर्व शुल्के, विमा व वकील ह्यांच्यासाठी बँकेने गोळा केलेले पैसे, हप्त्यांचे वेळापत्रक आणि ए.पी.आर. हे सर्व द्यावे लागते, आणि तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. सात दिवस वा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जात ह्या कागदावर विचार करायला निदान तीन कामाचे दिवस मिळतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जे शुल्क ह्या कागदात लिहिलेले नाही, ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे कधीही आकारता येत नाही. १८७९ च्या कायद्यातला गावचा रजिस्ट्रार ह्या कागदाच्या रूपाने पुन्हा आला आहे, असे म्हणायला हरकत नाही. फक्त तो आपल्या पायांनी घरी येत नाही. त्याला बोलवावे लागते.

येथे शिराळ्यासारख्या गावासाठी एक सूचना. हा नियम व्यापारी बँका, नागरी सहकारी बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका आणि गृहकर्ज कंपन्या ह्यांना आहे. सहकारी पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत. तेथे कर्ज घ्यायचे असेल तर हीच सगळी माहिती लेखी मागून घ्यावी. ओळखीच्या चेअरमनसमोर कागद मागायला संकोच वाटतो हे मला मान्य आहे. परंतु वीस वर्षांच्या हप्त्यापुढे दोन मिनिटांचा संकोच स्वस्तच म्हणायचा.

आता एजंटाकडे वळू. ह्या माणसाला खलनायक करण्याची माझी इच्छा नाही. शिराळ्याच्या माणसाला कर्जासाठी काय काय लागते ते पाहा. जागेचा सात-बारा किंवा गावठाणातील मिळकतीचा उतारा, बिनशेतीचा आदेश, नगरपंचायतीचा बांधकाम परवाना, वारसनोंद, भावाभावांचे वाटणीपत्र. आणि नेमका एक भाऊ मुंबईत, त्याची सही राहिलेली. घरटी एक तरी माणूस मुंबई-पुण्याला नोकरीस असलेल्या ह्या मुलखात अशी एक सही मिळवायला महिना जातो. नोकरी करणाऱ्याला सांगलीला चार खेपा घालणे जमत नाही. ही धावपळ जो करतो त्याच्या श्रमाला मोल आहेच.

परंतु त्याचे मोल कोण देतो, हे समजून घेतले पाहिजे. बँकेने नेमलेल्या एजंटाला दलाली बँक देते, आणि ती मंजूर होऊन वाटप झालेल्या रकमेच्या प्रमाणात असते. ह्यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, तुमच्याकडून वेगळे 'फाइलीचे पैसे' घेतले जात असतील तर ती दुहेरी दलाली झाली. दुसरी अधिक नाजूक. कर्ज जितके मोठे तितकी दलाली मोठी, आणि जी बँक दलाली अधिक देते तिचे गुण एजंटाला अधिक दिसतात. "सर, वीस कशाला, पंचवीस घ्या की, बसतंय तुमच्या पगारात," हे बोलणे आपुलकीचे असेलही. परंतु "पंधरातच भागवा" असे सांगण्याचे पैसे त्याला कोणीच देत नाही.

हा पेच केवळ आपला नाही. ऑस्ट्रेलियात बँकांच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१९ साली शिफारस केली होती की घरकर्जाच्या दलालाला दलाली बँकेने न देता कर्जदारानेच द्यावी, म्हणजे तो कर्जदाराचा माणूस राहील. सरकारने तेवढे केले नाही; परंतु १ जानेवारी २०२१ पासून दलालाने गिऱ्हाइकाचे हित सर्वांत आधी पाहावे असे कायदेशीर बंधन घातले. आपल्याकडचा एजंट हा बँकेचा विक्रेता आहे. साडीच्या दुकानातला विक्रेता साडी चांगली दाखवतो, पण ती आपल्या ऐपतीची आहे का हे आपणच पाहतो. तोच न्याय येथे लावावा. त्याच्याकडून काम करून घ्यावे, सल्ला दुसरीकडे घ्यावा. पैसे नेहमी बँकेच्या खात्यात भरावेत आणि पावती घ्यावी. रोख देऊ नयेत. कोऱ्या कागदावर सही तर कोणासाठीही करू नये.

कमी टक्क्याच्या मोहाबद्दलही दोन शब्द. समजा एक बँक ९ टक्के मागते आणि तिचा सारा वरखर्च १० हजार आहे. दुसरी ८.९ टक्केच मागते, पण वरखर्च ४० हजार. घरोघर दुसरीची वाहवा होईल. हिशेब करा. दुसऱ्या बँकेचा हप्ता १७,८६६ रुपये, म्हणजे महिना सुमारे १२८ रुपयांची बचत. वीस वर्षांत ३० हजार ८०० रुपयांची. ती मिळावी म्हणून आज रोख ३० हजार जास्त मोजायचे! आजचे ३० हजार आणि वीस वर्षांत चिल्लरीने मिळणारे ३० हजार ८००, ह्यांत मोठे कोणते हे घरखर्च चालवणाऱ्या भगिनींना मी सांगायला नको.

विम्याचेही तसेच. कर्जदाराने आयुर्विमा उतरवणे शहाणपणाचे आहे, कारण हप्ते बायकामुलांच्या गळ्यात पडू नयेत. परंतु तो ह्याच कंपनीचा, ह्याच खिडकीवर, आणि एकरकमीच घेतला पाहिजे, असे बंधन कोणी घालू शकत नाही. दुसरीकडे चौकशी करून भाव पाहावा. विम्याचा हप्ता कर्जातच मिळवून टाकण्याची सोय तर फार महागात पडते. वर म्हटलेले ६२ हजार ९ टक्क्यांनी वीस वर्षे फेडले तर त्यांचे १ लाख ३४ हजार होतात.

आणखी एक जागा आहे जिथे पैसा गुपचूप गळतो. ती म्हणजे बदलता व्याजदर. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी नवी बदलत्या दराची घरकर्जे बाहेरच्या मापदंडाशी जोडली, बहुधा रेपो दराशी. तो दर मे २०२२ च्या आरंभी ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. ज्याने पावणेसात टक्क्यांनी २० लाख घेतले होते त्याचा हप्ता होता १५,२०७. दर सव्वानऊ झाल्यावर २० लाखांचे महिन्याचे नुसते व्याजच १५,४१७ होते! म्हणजे हप्ता तोच ठेवला तर व्याजही फिटेना आणि मुद्दल वाढू लागले. हप्ता वाढला नाही म्हणून माणूस निश्चिंत, आणि मुदत मात्र निवृत्तीच्या पलीकडे गेलेली. ह्यावर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले की दर बदलल्यास बँकेने कर्जदाराला कळवावे आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हे त्याला निवडू द्यावे. असे पत्र आले तर ते रद्दीत टाकू नका. झेपत असेल तर हप्ता वाढवणेच बहुधा स्वस्त पडते.

आता इतके भिववल्यावर थोडे औषधही सांगितले पाहिजे. पहिले औषध मुदत कमी करणे. तेच २० लाख ९ टक्क्यांनी १५ वर्षांत फेडले तर हप्ता २०,२८५ होतो, म्हणजे महिना २,२९० रुपये जास्त. पण एकूण व्याज २३ लाखांवरून साडेसोळा लाखांवर येते. दुसरे औषध मुदतीपूर्वी भरणा. पहिले वर्ष संपताच बोनस, पिकाचे पैसे किंवा भिशी ह्यांतून एक लाख रुपये मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे २७ हप्ते वाचतात. ती रक्कम पावणेपाच लाखांच्या वर जाते. बदलत्या दराच्या घरकर्जावर अशा भरण्यासाठी बँका दंड घेऊ शकत नाहीत. २०१२ सालापासून हा नियम आहे. भरताना मात्र 'हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा' असे लेखी द्यावे.

घर टप्प्याटप्प्याने बांधणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की व्याज पैसे प्रत्यक्ष हाती दिल्या दिवसापासून चालते, मंजुरीच्या दिवसापासून नव्हे. काही ठिकाणी उलटे चालत असल्याचे आढळल्यावर रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये असे जादा घेतलेले व्याज परत करायला लावले. बांधकाम रेंगाळले तर पूर्ण हप्ता सुरू होईपर्यंत नुसते व्याज भरावे लागते आणि त्याने मुद्दल एक रुपयानेही फिटत नाही. म्हणून पाया घालण्याचा मुहूर्त पाहताना गवंड्याची तारीखही पाहावी. आणि कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई आहे. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. तक्रार आधी बँकेकडे लेखी द्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. गृहकर्ज कंपनी असेल तर राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे जावे.

सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न पाचच आहेत. ए.पी.आर. किती? माझ्या खात्यात प्रत्यक्ष किती जमा होणार? कर्ज नाकारले गेले तर कोणते शुल्क परत मिळेल? ह्यांतला विमा मी दुसरीकडून घेतला तर चालेल ना? आणि एजंटाला पैसे कोण देते? पाचांची उत्तरे लेखी मिळाली तर कर्ज खुशाल काढा. घर ही चैन नव्हे. भाड्याच्या खोल्यांत पिढी काढलेल्या माणसाला स्वतःच्या उंबरठ्याचे मोल दुसऱ्याने सांगावे लागत नाही. ऋण काढून सण करू नये हे खरे, पण ऋण काढून घर करण्यात कमीपणा नाही. फक्त ते ऋण आपल्याला ओळखीचे हवे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी आपल्या वहीची पूजा करतात. हप्ता भरणाऱ्या प्रत्येक घराची अशी एक वही असायला हरकत नाही. तिच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहून खाली दोनच आकडे मांडावेत, खतात किती आणि हातात किती. आणि दर पाडव्याला बँकेकडून बाकीचा उतारा आणून तिसरा आकडा लिहावा, राहिले किती. कोकरूडच्या कुळांना हे आकडे कोणी सांगत नव्हते, म्हणून खते जाळण्याची पाळी आली. आपल्याला ते विचारून मिळतात. एवढ्या सोयीचा फायदा न घेण्याइतके आपण श्रीमंत नाही.

सर्व वाचक बंधुभगिनींना ही दिवाळी आणि येणारे वर्ष सुखाचे जावो.